सल्ला हवा: मुलाला नॅस्कारच्या जुन्या शर्यती दाखवायच्यात, नुसते अपघात नकोत

कॉनकॉर्डवाली

नमस्कार मंडळी. नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या, २०२५ च्या हंगामाची शेवटची शर्यत फिनिक्सला होऊन महिना उलटला तरी हळहळ जात नाही. आम्ही ड्रायव्हर डेनी हॅम्लिनवाले. साठ शर्यती जिंकलेला माणूस, पण अजिंक्यपद एकही नाही. त्या दिवशी २०८ फेऱ्या आघाडीवर होता. जेमतेम तीन फेऱ्या उरल्या असताना विल्यम बायरन या दुसऱ्या ड्रायव्हरचा टायर गेला, पिवळा झेंडा पडला, सगळ्या गाड्या पुन्हा एकत्र आल्या आणि अजिंक्यपद काइल लार्सनच्या पदरात पडलं. असो. त्यावर लिहायला बसले तर मूळ प्रश्न राहून जाईल.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॉनकॉर्डला राहतो. मे महिन्यात शार्लटच्या ट्रॅकचा आवाज आमच्या मागच्या अंगणात येतो. मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि त्याला या खेळाचं वेड माझ्यामुळेच लागलं. पण आता फेब्रुवारीत डेटोना ५०० ही मोठी शर्यत येईपर्यंत शर्यती नाहीत, त्यामुळे तो यूट्यूबवर अपघातांचे तुकडे बघत बसतो. दहा मिनिटांत चाळीस गाड्या उलटतात, खाली ढोल-ताशासारखं संगीत. परवा जेवताना त्याने विचारलं, "आई, यातलं कोण कोण मेलं?" मला घास गिळवेना. कारण त्याला खरंच माहीत नव्हतं आणि तुकड्यांत ते कळायला मार्गही नव्हता.

बंदी घालायची नाहीये. मला त्याच्यासोबत नाताळच्या सुट्टीत पाच-सहा शर्यती बसून बघायच्या आहेत. कुठल्या बघू आणि कुठल्या क्रमाने? २००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत गेलेल्या डेल अर्नहार्टचं कसं सांगू? मी २०१७ पासून बघते, त्याआधीचं माझं ज्ञान ऐकीव आहे. जुन्या लोकांनी मदत करावी.


काळा_तीन_नंबर

ताई, प्रश्न वाचून बरं वाटलं. मी १९९६ साली साताऱ्याहून इकडे आलो. पहिल्याच नोकरीत शेजारच्या टेबलावरचा म्हातारा अर्नहार्टचा भक्त होता, त्याने मला रविवारी घरी बोलावलं आणि मी कायमचा अडकलो.

माझा सल्ला असा, की पहिली जोडी मायकल मॅकडॉवल या ड्रायव्हरची लावा. एप्रिल २००८, टेक्सास, पात्रता फेरी. पोरगा नुकताच आलेला, नॅस्कारच्या सगळ्यात वरच्या कप मालिकेतला हा त्याचा दुसराच आठवडा. आधीच्या गाडीचं इंजिन फुटून ट्रॅकवर तेल सांडलेलं. याची गाडी वळणात वर सरकली, भिंतीवर नाक आपटलं आणि मग कोलांट्यांवर कोलांट्या. तुमच्या मुलाने हा तुकडा शंभर टक्के पाहिलेला असणार. पण तुकडा जिथे संपतो त्याच्या पुढे बघा. गाडीचा चेंदामेंदा झालाय आणि मॅकडॉवल खिडकीतून बाहेर येऊन लोकांना हात करतोय. त्याच रविवारी दुसऱ्या गाडीत बसून तो शर्यतीत उतरला.

आणि मग लगेच २०२१ ची डेटोना ५०० लावा. पूर्ण नाही तर शेवटच्या तीस फेऱ्या तरी. पावसाने रखडून मध्यरात्र उलटलेली. शेवटच्या फेरीत पुढचे दोघे, कसेलाउस्की आणि लोगानो, एकमेकांत अडकले, मागे आगीचा लोळ, आणि मधल्या फटीतून मॅकडॉवल निघाला. ३५८ वी शर्यत आणि पहिला विजय! मधली तेरा वर्षं तो मागच्या रांगेतल्या गाड्या चालवत राहिला होता. त्या रात्री मी सोफ्यावरून उठून घरभर फिरलो, बायको दचकून जागी झाली.

अर्नहार्टबद्दल. २००१ पासून सुरुवात करू नका, हात जोडून सांगतो. १९९८ ची डेटोना आधी दाखवा. सात वेळा अजिंक्यपद जिंकलेला, डेटोनावर इतर सगळ्या शर्यती जिंकलेल्या, पण ही एकच हातून निसटत होती. १९९० मध्ये शेवटच्या फेरीत टायर फुटला होता. विसाव्या प्रयत्नात जिंकला. एका लहान मुलीने दिलेलं एक सेंटचं नाणं त्याने डॅशबोर्डला चिकटवलं होतं. जिंकल्यावर पिट रोडवर, म्हणजे गाड्या टायर-इंधनासाठी थांबतात त्या रस्त्यावर, सगळ्या संघांची माणसं, हाडवैरीसुद्धा, ओळीने उभी राहिली आणि तो हळूहळू गाडी नेत प्रत्येकाच्या हाताला हात लावत गेला. हे बघितल्यावर मुलाला कळेल की १८ फेब्रुवारी २००१ ला नेमकं कोण गेलं.

त्या दिवशीची शेवटची फेरी दाखवावी का, हे तुम्ही आई म्हणून ठरवा. मी माझ्या मुलीला तेरा वर्षांची झाल्यावर दाखवली. पण दाखवली तर तिथेच थांबू नका. तीन आठवड्यांनी, ११ मार्चला, अटलांटाची शर्यत आहे. अर्नहार्टच्या संघाने त्याचा तीन नंबर बाजूला ठेवला, गाडी पांढरी रंगवून २९ नंबर दिला आणि केविन हार्विक नावाच्या नवख्या पोराला बसवलं. तिसऱ्याच शर्यतीत तो जेफ गॉर्डनच्या पुढे ०.००६ सेकंदाने जिंकला. खिडकीतून तीन बोटं बाहेर काढून फेरी मारली. आणि जुलैमध्ये त्याच डेटोनावर अर्नहार्टचा मुलगा डेल ज्युनियर जिंकला. या तिन्ही एका दमात बघायच्या.


चाकणकर

काका, मॅकडॉवल आणि अर्नहार्ट शेजारी ठेवलेत, त्यात एक धडा दडलाय. मी पुण्यात राहतो, चाकणच्या बाजूला क्रॅश टेस्टिंगमध्ये सोळा वर्षं काम करतो. नॅस्कार मी भल्या पहाटे उठून बघतो ते निम्मं याच कारणासाठी.

ताई, तुमच्या मुलाला एक गोष्ट समजावून सांगा. दिसायला भयंकर अपघात आणि खरोखर जीवघेणा अपघात बहुतेक वेळा एक नसतात. गाडी कोलांट्या खाते, दारं उडतात, चाकं निखळतात तेव्हा प्रत्येक आपटीत थोडा थोडा वेग खर्च होत असतो. ड्रायव्हर गाडीतल्या पोलादी पिंजऱ्यात, पट्ट्यांनी घट्ट बांधलेला. जिवाला खरा धोका वेग एका झटक्यात शून्यावर येतो तेव्हा. अर्नहार्टची धडक टीव्हीवर साधी वाटली होती. गाडी फिरली, चौथ्या वळणाच्या भिंतीला तिरकी लागली, घरंगळत गवतावर आली. बघणाऱ्यांना वाटलं, आता उतरेल. पण त्या धडकेत धड पट्ट्यांनी धरून ठेवलं आणि डोकं पुढे गेलं. कवटीच्या तळाचं हाड तुटलं.

त्याच्या आधीच्या नऊ महिन्यांत तीन ड्रायव्हर तशाच दुखापतीने गेले होते. ॲडम पेटी, केनी अर्विन आणि टोनी रोपर. यातले पहिले दोघे न्यू हॅम्पशायरच्या एकाच वळणावर, सरावात.

यावरचा उपाय तेव्हा अस्तित्वात होता, हे मला सगळ्यात जास्त टोचतं. हॅन्स. खांद्यावर बसणारी कॉलर, ती पट्ट्यांखाली दाबलेली, आणि तिच्यापासून हेल्मेटला दोन दोऱ्या. डोकं पुढे झेपावलं की दोऱ्या धरून ठेवतात. मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, स्वतः शर्यती धावणारे जिम डाउनिंग, यांनी ते १९८० च्या दशकातच बनवलं. पण फार थोडे ड्रायव्हर वापरायचे. अवघडतं, मान वळत नाही, अशी तक्रार. आमच्याकडे हेल्मेटबद्दल जे ऐकतो तेच. नॅस्कारने मानेचा आधार सक्तीचा केला तो ऑक्टोबर २००१ मध्ये.

दुसरी गोष्ट भिंतीची. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या गटाने सेफर बॅरियर केलं. काँक्रीटच्या पुढे चौकोनी पोलादी नळ्या, मधे फोमचे ठोकळे. गाडी आपटली की भिंत दबते आणि तो दबण्याचा क्षणभर वेळच माणसाला वाचवतो. २००२ मध्ये इंडियानापोलिसला पहिल्यांदा बसलं. मॅकडॉवल २००८ मध्ये त्याच प्रकारच्या भिंतीवर आपटला होता आणि मानेला हॅन्स होतं. सात वर्षं आधी तो त्याच वेगात त्याच भिंतीवर गेला असता तर काय झालं असतं, याचा विचार मला करवत नाही.

म्हणून मुलाला प्रत्येक तुकड्यानंतर एक प्रश्न विचारायला शिकवा: या अपघातानंतर गाडीत किंवा ट्रॅकवर काय बदललं? १९८७ ला टॅलाडेगात बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांच्या कुंपणाला लागली, पुढच्या वर्षीपासून तिथे आणि डेटोनाला इंजिनाचा श्वास आवळून वेग कमी करणाऱ्या प्लेट आल्या. (ती शर्यत बॉबीच्याच मुलाने, डेव्हीने जिंकली. कारकिर्दीतला पहिला विजय.) १९९३ मध्ये रस्टी वॉलेस दोनदा उलटला, १९९४ पासून छतावर झडपा आल्या. गाडीचं तोंड मागे फिरलं की त्या आपोआप उघडतात आणि गाडीला जमिनीवर दाबतात. २०१५ मध्ये डेटोनाला काइल बुश आतल्या बाजूच्या उघड्या काँक्रीटवर गेला, पाय मोडला, आणि ट्रॅकवाल्यांनी उरलेल्या भिंती झाकायला घेतल्या. अकरा शर्यती बुडवून त्याच वर्षी तो अजिंक्य ठरला, हे मुलाला आवडेल.

रायन न्यूमनची २०२० ची डेटोना माझ्यातर्फे यादीत घाला. शेवटच्या फेरीत आघाडीवरून उलटला आणि उलट्या गाडीच्या ड्रायव्हरच्या बाजूला दुसरी गाडी येऊन आदळली. इकडे सकाळ होती, आम्ही काही जण कामावरून फोनवर बातमी शोधत होतो, कुणी बोलत नव्हतं. दोन दिवसांनी तो दोन्ही मुलींचे हात धरून हॉस्पिटलमधून चालत बाहेर आला. त्याच्या पिंजऱ्यात छताजवळ एक जादा दांडा होता, त्याच्याच जुन्या अपघातांनंतर वाढवलेला. त्याला न्यूमन बारच म्हणतात. गडी स्वतः पर्ड्यूचा इंजिनिअर आहे.


फिजिओ_नाशिक

वरचं सगळं पटलं, फक्त एका गोष्टीची भर घालते. "उतरून हात केला म्हणजे ठीक आहे" असं मुलाच्या मनात बसू देऊ नका. मी मेंदूला मार लागलेल्या रुग्णांसोबत काम करते. डोक्याचा मार बाहेरून दिसत नाही.

डेल ज्युनियरने २०१६ चा अर्धा हंगाम याच कारणाने सोडला. तोल जायचा, डोळे स्थिर राहायचे नाहीत. वडिलांच्या पिढीत हे कुणी बोलूनही दाखवलं नसतं. त्याने उघडपणे सांगितलं, माझ्या मते त्याच्या कुठल्याही विजयाइतकंच ते मोठं आहे. त्याच्या जागी तेव्हा काही शर्यती ॲलेक्स बोमन चालवत होता. त्याच बोमनला २०२२ मध्ये टेक्सासला मागून भिंत लागली आणि पाच शर्यती बाहेर बसावं लागलं. त्याआधी जुलैमध्ये पोकोनोला कर्ट बुश पात्रता फेरीत मागच्या बाजूने आपटला. बघायला किरकोळ धडक. पण तो कप शर्यतीत परत कधीच बसला नाही. त्या वर्षीची नवी गाडी मागून फार ताठ होती, सगळा धक्का माणसापर्यंत पोचायचा. पुढच्या वर्षी मागचा सांगाडा नरम केला.

तुमचा मुलगा सॉकर किंवा काहीही खेळत असेल तर हे त्याला स्वतःपुरतंही उपयोगी आहे. डोकं आपटलं की सांगायचं. लपवायचं नाही.


भिंतीवरून

मार्टिन्सविल २०२२ कुणीच कसं सांगितलं नाही? रॉस चॅस्टेन! शेवटच्या फेरीत पाचवा गिअर टाकून गाडी बाहेरच्या भिंतीला लावली, ब्रेक नाही, आणि पाच गाड्या मागे टाकून अजिंक्यपदासाठीच्या अंतिम चौघांत पोचला. लहानपणी व्हिडिओ गेममध्ये करायचा म्हणे. मात्र, ताई, जागा ज्याची गेली तो हॅम्लिन होता, त्यामुळे तुमच्या घरी जपून. पुढच्या जानेवारीतच नॅस्कारने असं पुन्हा केल्यास दंड करू असं सांगितलं, आणि ते बरोबरच केलं. मलाही ती फेरी अजून रोमांचक वाटते, पण गाडी कुंपणाच्या खांबात अडकली असती तर?


काळा_तीन_नंबर

सुट्टीत जायच्या जागाही सांगतो. शार्लटच्या हॉल ऑफ फेममध्ये तर जाच. कॅनापोलिसला अर्नहार्टचा पुतळा आहे, तुमच्यापासून अगदी जवळ. आणि एक दिवस काढून रँडलमनकडे जा. पेटींचं संग्रहालय तिथे आहे. ॲडम गेला तेव्हा १९ वर्षांचा होता, घराण्यातली चौथी पिढी. पणजोबा लीने १९५९ ची पहिली डेटोना ५०० जिंकली होती, तो ॲडमच्या पाच आठवडे आधी गेला. नंतर वडील काइल मुलाचाच ४५ नंबर घेऊन धावत राहिले. आजारी मुलांसाठी शिबिर काढायचं ॲडमच्या मनात होतं, ते घरच्यांनी २००४ मध्ये तिथेच उभं केलं. मी दरवर्षी तिकडे थोडे पैसे पाठवतो.


कॉनकॉर्डवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय कारण आधी बघून मग लिहायचं ठरवलं होतं.

मॅकडॉवलपासून सुरुवात केली. टेक्सासचा तुकडा त्याला फ्रेम न फ्रेम पाठ होता, पण गाडीत कोण होतं ते नाव माहीत नव्हतं. डेटोनाच्या शेवटच्या फेरीत तो उभा राहून ओरडला. मग स्वतःच मागे जाऊन टेक्सास पुन्हा लावलं आणि या वेळी आवाज बंद करून बघितलं. का, ते मी विचारलं नाही.

१९९८, मग अटलांटा, मग ज्युनियरचा जुलै. २००१ ची शेवटची फेरी मी दाखवली नाही, तोंडी सांगितली. चाकणकरदादा, तुमची दोऱ्यांची गोष्ट सांगताना त्याने माझ्या हातातला मोजा घेतला आणि आतमध्ये संत्रं घालून पुढे-मागे झटकून बघितलं. आता वहीत दोन रकाने केलेत: "काय झालं" आणि "काय बदललं". दुसरा रकाना रिकामा राहिला की मला छळतो. रायन प्रीसच्या २०२३ च्या कोलांट्यांवर अडलाय. कुणाला माहीत आहे का?

दुसरं म्हणजे, मे महिन्यात त्याला पहिल्यांदाच ६०० मैलांच्या शर्यतीला नेतेय. कानांचं काय करायचं? आणि त्याला ७१ नंबरच्या गाडीचा, ड्रायव्हर आणि संघाच्या बोलण्याचा रेडिओ ऐकायचाय. मॅकडॉवलचा. हॅम्लिनचा ११ माझ्यासाठी.


चाकणकर

संत्र्याचा प्रयोग उद्या आमच्या नव्या मुलांना दाखवतो. प्रीससाठी लिहायला सांगा: डेटोनाच्या मागच्या सरळ पट्ट्यालगतचं गवत काही भागात काढून तिथे डांबर घातलं. गवतात गाडी रुतते आणि उलटते, डांबरावर घसरत जाते.


काळा_तीन_नंबर

कानात आधी फोमचे बोळे, त्यावर मोठे हेडफोन. दोन्ही. एकाने भागत नाही, आणि शर्यत चार तासांच्या आसपास चालते. ट्रॅकवर हा रेडिओ ऐकायचा स्कॅनर भाड्याने मिळतो, दोन हेडफोन लागणारा मागा, म्हणजे ७१ आणि ११ आलटून पालटून दोघांनाही ऐकता येईल. तिकीट काढताना वरच्या रांगा घ्या, खालून समोरची बाजू दिसत नाही. मी चौथ्या वळणाच्या बाहेर असतो, दरवर्षी. काळी टोपी, तीन नंबरची. येऊन भेटा.