पोर्ट ब्लेअरला नेताजींच्या पुतळ्यापाशी : तुमचे अनुभव

अंदमानला गेलेला मराठी माणूस आधी सेल्युलर जेल गाठतो, ते बरोबरच. पण त्याच पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम, जिभेला वळण लागायचंय) मरीना पार्कात समुद्राकाठी नेताजींचा पुतळा आहे. ३० डिसेंबर १९४३ ला त्यांनी जिथे तिरंगा फडकवला ते जिमखाना मैदानही याच शहरात. तिथे गेला असाल तर लिहा. माहितीफलकावरचं नको, मनात राहिलेलं लिहा.

*

टूरबरोबर गेलो होतो. उतरा, फोटो काढा, चढा; दहा मिनिटं. आई ७८ वर्षांची. पुतळ्यासमोर वाकून चपलांचे बंद सोडायला लागली. टूरवाला मुलगा म्हणाला, "आजी, इथे चपला चालतात, देऊळ नाही हे." आई म्हणाली, "ठाऊक आहे रे बाळा," आणि काढल्याच. सगळी बस खोळंबली. मला तेव्हा ओशाळल्यासारखं झालं होतं, आज त्याचंच वाईट वाटतं.

*

डिसेंबरात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही आपल्या सवयीने चहाबिहा घेऊन सावकाश निघालो आणि अंधारात पोहोचलो. २०१८ साली, नेताजींनी तिरंगा फडकवल्याला ७५ वर्षं झाली तेव्हा उभारलेला १५० फुटी ध्वजही दिवसाउजेडी बघायचा राहिला.

*

आम्ही रॉस बेटावर गेलो. अबर्डीन जेट्टीवरून बोट, वीसेक मिनिटंही लागत नाहीत. आता त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. इंग्रजांची राजधानी होती ती. पडक्या चर्चला झाडांच्या मुळांनी कवटाळलंय, हरणं माणसाला बुजत नाहीत. नेताजींचं नाव घेऊन उतरलो खरे, पण पाय थबकले ते जपानी बंकरपाशी. मुलाने विचारलं, "जपानी आपल्या बाजूचे होते ना?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

*

वरच्या प्रश्नावरून लिहितोय, जरा लांबेल. मार्च १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत बेटं जपान्यांच्या ताब्यात होती. नेताजी आले, झेंडा फडकला, अंदमानला शहीद आणि निकोबारला स्वराज अशी नावं मिळाली. (२०१८ ला ती नील आणि हॅवलॉक या दोन बेटांना दिली गेली.) त्याच दिवसांत सेल्युलर जेलमध्ये डॉ. दिवाण सिंग (तिथल्या इंडियन इंडिपेंडन्स लीगचे प्रमुख) यांचा जपान्यांकडून छळ चालू होता. १४ जानेवारी १९४४ ला ते गेले. ३० जानेवारीला, म्हणजे झेंड्याला बरोबर महिना झाला तेव्हा, पोर्ट ब्लेअरजवळच्या होम्फ्रेगंजला ४४ भारतीयांना जपान्यांनी हेरगिरीच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या. त्यातले बरेच जण इंडियन इंडिपेंडन्स लीगचेच, म्हणजे नेताजींच्याच संघटनेचे होते! पुढे आझाद हिंद सरकारतर्फे बेटांचा कारभार बघायला लोगनाथन आले, पण शिक्षणखात्यापलीकडे फारसं काही जपान्यांनी त्यांच्या हाती येऊ दिलं नाही. हे वाचून गेलो होतो. पुतळ्यासमोर हात जोडले गेले, पण नेहमीसारखे सहज नाही.

*

अहो, पण नेताजी दोनतीन दिवसच होते, तेही जपान्यांच्या गराड्यात. त्यांच्यापर्यंत काय पोहोचू दिलं असेल? माझे आजोबा त्यांचा फोटो देवघरात ठेवायचे. मी तिथे रडले, आणि त्याची मला लाज नाही.

*

रडण्याला कोण हसतंय, ताई. मीही पुतळ्याला हार घालूनच पुढे गेलो होतो. पुढे म्हणजे होम्फ्रेगंजच्या बलिदान वेदीला, त्या ४४ जणांच्या स्मारकाला. गाडीवाल्याला दोनदा समजावून सांगावं लागलं, कारण तिकडचं भाडं त्याला सहसा मिळत नाही. पोहोचलो तेव्हा आम्हा दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं. बायकोने पायरीवरचा पालापाचोळा हाताने बाजूला केला, थोडा वेळ बसलो. संध्याकाळी परत आलो तर मरीना पार्कात फोटोसाठी रांग लागलेली.