लॅब्राडूडल आणि अ‍ॅलर्जी

लॅब्राडूडल या संकरित कुत्र्याचे केस गळत नाहीत, म्हणून अ‍ॅलर्जी असलेल्यांच्या घरातही तो निर्धास्त चालतो, असे म्हणतात, पण ते मला अर्धेच पटते. ऑस्ट्रेलियात १९८९ च्या सुमारास वाटाड्या कुत्र्यांची पैदास करणारे वॉली कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड पूडल यांचा संकर घडवून आणला, तो हवाईतील एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या यजमानांना कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती म्हणून. मात्र पहिल्याच वेतातील तीन पिल्लांपैकी एकच त्या यजमानांना सोसले. अ‍ॅलर्जी मुळात होते ती लाळेतील व कोंड्यातील प्रथिनांमुळे.

कुरळ्या केसांची तर आणखीच गंमत आहे: सुटलेला केस खाली न पडता अंगावरच गुंततो आणि बघता बघता त्याच्या जटा होतात. वरवर ब्रश फिरवल्यास कुत्रा छान दिसतो, पण कानांमागे आणि काखेत स्टीलचा कंगवा कातडीपर्यंत गेला नाही, तर शेवटी सगळे केस भादरावे लागतात. आंघोळीनंतर लोंबते कान आतून कोरडे करावेत. पिल्लू घेण्यापूर्वी त्याच्या आईबापांच्या खुब्यांचा एक्स-रे आणि डोळ्यांच्या तपासणीचा अहवाल मागावा. टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू मुळीच घेऊ नये.