मदत हवी आहे: स्मार्टफोन-व्यसनाच्या प्रश्नावलीत निम्म्याहून जास्त मुलं 'व्यसनी' का निघतात?

प्रबंधासाठी १६ ते १९ वयाच्या १२० जणांची पाहणी करायची आहे. स्मार्टफोन ॲडिक्शन स्केलची दहा प्रश्नांची छोटी आवृत्ती मराठीत केली, शिवाय 'रोज किती तास फोन वापरता?' हा प्रश्न. पूर्वचाचणीत ३० पैकी १७ 'व्यसनी'! बेरजा दोनदा तपासल्या, बरोबर आहेत. मग चुकतंय कुठे?

तिरपीरेघ:
बेरीज बरोबर आहे, नाव चुकलंय. प्रत्येक प्रश्नाला गुण १ ते ६. 'व्यसनी' ठरवणारी रेषा मुलांसाठी एकूण ३१, मुलींसाठी ३३. आता एखाद्या मुलाने नऊ प्रश्नांना 'किंचित असहमत' (३) आणि एकालाच 'किंचित सहमत' (४) म्हटलं, तर बेरीज ३१. म्हणजे जवळजवळ सगळं नाकारूनही गडी व्यसनी! त्यात ही रेषा २०१३ साली कोरियातल्या किशोरांवरून आखलेली. टक्केवारी काढूच नका, सरासरी आणि गुणांचा पसारा द्या.

आयसीडी-११ मध्ये (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) जुगार आणि गेमिंगचे विकार आहेत, स्मार्टफोनचा नाही. गेमिंगलाही ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसूनही चालू ठेवणं हे तिन्ही लागतं. त्याने अभ्यास, नाती किंवा तब्येत ठळकपणे बिघडलेली असावी लागते, आणि तेही साधारण १२ महिने. तुमच्या दहा प्रश्नांतून एवढं कळत नाही.

कोरापान:
+१. भाषांतरही बघा. 'फोन नसला की मी बेचैन होतो' हे वाक्य मुलीने कसं भरायचं? 'होतो/होते' अशा तिरक्या रेघांपेक्षा 'मला बेचैन वाटतं' करा. मग दुसऱ्या कुणाकडून उलट भाषांतर (मराठीवरून परत मूळ भाषेत, म्हणजे अर्थ बदलला का ते कळतं), आणि पाच-सहा जणांना प्रत्येक वाक्याचा अर्थ मोठ्याने सांगायला लावा. ही पायरी हमखास गाळली जाते.

तासांचा प्रश्न काढून टाका. २०२१ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, सांगितलेला वापर आणि फोनने नोंदवलेला वापर यांचा सहसंबंध (० म्हणजे काहीच मेळ नाही, १ म्हणजे पूर्ण मेळ) जेमतेम ०.३८ निघाला. त्याऐवजी फोन स्वतःच नोंदवतो त्या स्क्रीन टाइमचा स्क्रीनशॉट मागा, पण मागच्या *पूर्ण* आठवड्याचा. चालू आठवड्याची सरासरी मंगळवारी घेतली तर दोन-तीन दिवसांचीच येते. आयफोनवर 'सगळ्या उपकरणांवर' हा पर्याय चालू असेल तर टॅबलेटचे तासही त्यात मिसळतात, तेव्हा आधी फक्त फोन निवडायला सांगा. ॲपची नावं खाजगी असतात. ती झाकायची मुभा द्या.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. १२० पुरतील का? आणि झोपेशी संबंध बघायचा होता.

तिरपीरेघ:
०.२ चा सहसंबंध पकडायला (८०% शक्ती, म्हणजे संबंध खरंच असेल तर सापडण्याची शक्यता; ५% पातळी, म्हणजे नसताना दिसण्याची) साधारण १९४ लागतात. १२० मध्ये ०.२५ च्या आसपासचाच हाती लागेल. आणि एकाच वेळी घेतलेल्या माहितीवरून 'फोनमुळे झोप उडाली' असं लिहू नका. झोप येत नाही म्हणूनही फोन हातात घेतला जातो. १८ खालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार, दोन्ही कागद वेगळे ठेवा.