मदत हवी आहे: समुद्रात वनस्पती-प्लवक वाढले, तरी हवेतला कार्बन खोल पाण्यात का गेला नाही?

नमस्कार मंडळी,

अकरावीच्या मुलांना सागरी प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) शिकवताना समुद्रात लोह सोडण्याचा २००९ सालचा ‘लोहाफेक्स’ प्रयोग सांगावा असे मनात आहे, कारण त्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा मोठा वाटा होता. परंतु त्याचा निष्कर्ष मला नीट उलगडत नाही.

माझी समज अशी आहे: प्रकाशसंश्लेषणासाठी प्लवक पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उचलतात, त्यामुळे वरच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, किंचित वाढतो आणि निर्माण झालेली तूट हवेतून भरून निघते. या वाढीला सरासरी १०६ कार्बन अणूंमागे १६ नायट्रोजनचे आणि १ फॉस्फरसचा अणू लागतो. दक्षिण महासागरात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक आहेत, वानवा आहे ती लोहाची. मग ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडल्यावर प्लवक वाढले, तरी कार्बन खाली फारसा का उतरला नाही? शिवाय प्लवकांनी सोडलेला जादा प्राणवायू हवेत लवकर निघून जातो, पण कार्बन डायऑक्साइडची तूट भरायला मात्र कितीतरी अधिक काळ लागतो, हे कसे? जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. समीकरणे चालतील, फक्त मुलांना पचतील अशी असावीत.

प्रतिसाद:

आपली मांडणी बरोबर आहे, पण कोणते प्लवक वाढले हा प्रश्न तिच्यात राहून गेला आहे. त्या पाण्यात सिलिका जवळजवळ संपलेली होती, त्यामुळे सिलिकाचे कवच बांधणारे डायटम वाढूच शकले नाहीत. जे इतर बारीक प्लवक वाढले, ते कोपेपॉड या इवल्या प्राण्यांनी फस्त केले आणि तो कार्बन श्वसनावाटे बहुतांशी वरच्याच थरात परत आला. याउलट त्याच महासागरातील २००४ सालच्या ‘आयफेक्स’ या लोह सोडण्याच्याच प्रयोगात डायटम भरपूर वाढले, मेल्यावर त्यांचे पुंजके झाले आणि निदान निम्मा जैवभार १,००० मीटरांच्याही खाली गेला.

प्राणवायूची पाण्याशी रासायनिक क्रिया होत नाही, म्हणून त्याचा हवेशी समतोल काही आठवड्यांत साधतो. हवेतून शिरलेला कार्बन डायऑक्साइड मात्र बहुतेक सगळा कार्बोनेटशी संयोग पावून बायकार्बोनेट होतो (समुद्रातील अजैविक कार्बनपैकी सुमारे ९० टक्के याच रूपात असतो), त्यामुळे वायुरूपातील तूट भरायला कित्येक महिने जातात. तेवढ्यात वरचा थर खालच्या पाण्यात मिसळला, तर हवेला पत्ताही लागत नाही.

मुलांना हे दाखवायचे असेल, तर शेवाळलेल्या हिरव्या हौदाच्या पाण्यात पीएच पट्टी पहाटे एकदा आणि भर दुपारी एकदा बुडवावी. दुपारचा आकडा वर गेलेला दिसेल. समुद्रात हा चढउतार फार लहान असतो, तेव्हा तिथे पट्टी उपयोगाची नाही.