सह्याद्रीवर आपोआप कविता करणारा कोड, पण लिंग-वचन आडवं येतंय

रातकिडा:
मंडळी मदत हवीय. निक मॉन्टफर्टची 'तारोको गॉर्ज' ही कोडने आपोआप होणारी कविता बघितलीय का कोणी, २००९ ची, तैवानमधल्या दरीवरची, ब्राउजरमध्ये उघडून ठेवली की ओळी खालून येतच राहतात, संपत नाही. कोड एवढुसा, म्हणून लोकांनी शब्द बदलून आपापल्या कविता केल्यात. म्हटलं आपण सह्याद्रीवर करू, तर निघतंय काय, 'काळा दरी कोसळतो' 😭

पारिजात:
होणारच ना. इंग्रजीत त्याला 's' हे एक अक्षर पुरतं, एकतर नामाला लावायचं नाहीतर क्रियापदाला, झालं काम. आपल्याकडे तीन लिंगांच्या तीन याद्या कर आणि विशेषणाची काळा-काळी-काळं अशी तिन्ही रूपं साठवून ठेव. भूतकाळात तर शिरूच नकोस, 'ढगाने वाट गिळली', 'ढगाने कडा गिळला', तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं आणि कर्त्याचं सामान्यरूप वर.

खवचट_काका:
एवढा कुटाणा कशाला. सगळं अनेकवचनात घे. ढग झाकतात, सरी झाकतात, रानं झाकतात, तिन्ही लिंगांना तेच रूप. विशेषणं न बदलणारी घे, दाट, उंच, गार, लाल, खोल. 'काळा' बिळा हाकलून दे.

रातकिडा:
काका 🙏🙏 चाललं! 'गार सरी लाल वाटा पुसतात', 'दाट ढग उंच कडे झाकतात'. पण धुकं? त्याचं अनेकवचन कुठून आणू

पारिजात:
धुक्याला वेगळी ओळ दे, कधीतरीच येणारी. मूळ कोडमध्येही अशी सोय आहे, जंगल हा शब्द आला की मधूनच त्याच्या जागी माकडं येतात. तिथे तू वानरं टाक, ती अनेकवचनीच आहेत.

भटकभवानी:
मधेच विचारते, पण यात कविता कुठाय? शब्दांच्या याद्या मशीनमध्ये घालून ढवळायच्या आणि खाली आपलं नाव?

खवचट_काका:
१९५२ ला मँचेस्टरात क्रिस्टोफर स्ट्रॅची या प्रोग्रॅमरने हेच केलं होतं, कॉम्प्युटरकडून प्रेमपत्रं लिहून घेतली आणि खाली सही चक्क मशीनची! कुठले शब्द आत घ्यायचे हे मात्र त्यानेच ठरवलं ना. यादीत 'कातळ' घेतला की 'दगड', इथंच कविता बदलते.

रातकिडा:
कातळ घेतला. आता 'गार कातळ' की 'उंच कातळ', ते मशीनवर सोडतो. रात्री लिंक टाकतो, मोबाईलवर नीट दिसतंय का सांगा.