मदत हवी आहे: टॅम्पॉन आत जातच नाहीये, शनिवारी मालवण

पहाटपक्षी
शनिवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर मालवणला चाललो आहोत. तारकर्लीला स्कूबा बुक झालंय, पैसे परत मिळणार नाहीत. पाळी नेमकी शुक्रवारच्या आसपास. म्हणून टॅम्पॉनचा (पॅडऐवजी योनीत घालायचा तो) बॉक्स आणला. आत जातच नाही! थोडंसं गेलं की आग होते आणि पुढे काहीतरी अडतं. आतल्या कागदावरची चित्रं बघून झाली, व्हिडिओ बघून झाले. सगळ्याजणी नुसतं 'रिलॅक्स हो' म्हणतात. कोणीतरी नीट स्टेप्स सांगा प्लीज. लवकर.

निशिगंधा७
अगं सोपं आहे. हात साबणाने धू. एक पाय कमोडच्या झाकणावर ठेव. जाड नळी पकडीच्या जागेपर्यंत आत घाल, मग मागची बारीक नळी बोटाने पुढे ढकल. टॅम्पॉन आत जातो, दोन्ही नळ्या बाहेर काढून टाकायच्या. दोरी बाहेर राहिली पाहिजे. झालं.

पहाटपक्षी
कसली नळी? माझ्या बॉक्समध्ये नळी वगैरे काही नाही. बोटाच्या पेराएवढं कापसाचं बोंड आहे, वर प्लास्टिकचं वेष्टन आणि मागे दोरी.

डब्लिनकरीण
मग तो बिननळीचा, बोटाने सारायचा प्रकार. आपल्याकडे मेडिकलमध्ये बहुतेक तोच मिळतो. इथे आयर्लंडला सुपरमार्केटमध्ये दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात. नवीन असताना मला नळीवालाच सोपा गेला. ऑनलाइन मागवून बघ, पण शनिवारच्या आत येईल का ते बघ.

हिरवीचाफेकळी
टॅम्पॉनच्या नादी लागूच नकोस. मेन्स्ट्रुअल कप घे, आत घालून त्यात रक्त साठतं. एकदा घेतला की वर्षानुवर्षं बघायला नको, कचरा नाही, पोहता येतं, ट्रेक होतात. मी कितीतरी मैत्रिणींना वळवलंय.

निशिगंधा७
@हिरवीचाफेकळी, तिला पेराएवढं बोंड जात नाहीये आणि तू तिला घडी घालून कप घालायला सांगतेस? तेही चार दिवसांत? कप बसायला दोन-तीन पाळ्या जातात.

हिरवीचाफेकळी
मला पहिल्याच पाळीत जमला. प्रत्येकीचं वेगळं असतं.

ओसरीवरची
एवढा खटाटोप कशाला? पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मिळतात. आमच्याकडे गणपतीत, लग्नकार्यात सगळ्याच घेतात.

वॉर्ड_पाच
मी स्त्रीरोग विभागात नर्स आहे. @ओसरीवरची, त्या गोळ्या हार्मोनच्या असतात आणि साधारण तारखेच्या तीन दिवस आधी सुरू कराव्या लागतात. रक्ताच्या गाठी होण्याचा इतिहास, काही प्रकारची अर्धशिशी, यकृताचा त्रास असलेल्यांना त्या चालत नाहीत. डॉक्टरांना न विचारता, शेजारणीने घेतल्या म्हणून घेऊ नयेत. त्यातून येणारे त्रास आम्ही वॉर्डात बघतो, म्हणून कळकळीने सांगते.

@पहाटपक्षी, आधी हे सांग: आत्ता पाळी चालू आहे का? बॉक्सवर थेंबांची चित्रं असतात (जास्त थेंब म्हणजे जास्त शोषणारा), ती किती आहेत? घालताना उभी होतीस की बसलेली?

पहाटपक्षी
पाळी अजून आलेली नाही, शुक्रवारी येईल असं वर लिहिलंय ना. सराव म्हणून बघत होते. चार थेंब. मोठा घेतला म्हणजे पाण्यात टेन्शन नको. उभी होते, सरळ.

वॉर्ड_पाच
बरं. मग तुझ्यात काही दोष नाही. आता सराव थांबव आणि आग शमू दे.

पाळी नसताना आतली त्वचा थोडीशीच ओलसर असते. कापूस तो ओलावा शोषतो आणि कोरडे तंतू घासतात, त्याचीच ही आग. शिवाय चार थेंबवाला जाड असतो. उद्या सगळ्यात छोटा, एक किंवा दोन थेंबांचा आण. पहिला प्रयत्न पाळी आल्यावर, स्राव बऱ्यापैकी असताना कर. ओलाव्यामुळे तो निम्म्या श्रमात सरकतो.

'अडतं' म्हणालीस त्याचं कारण बहुधा दिशा. योनीमार्ग सरळ वर छताकडे जात नाही, तो मागे, माकडहाडाच्या बाजूला तिरका जातो. उभं राहून सरळ वर ढकललं की टोक पुढच्या भिंतीवर जाऊन थांबतं. अर्धवट उकिडवी बस किंवा कमोडवर गुडघे फाकवून पुढे झुक. वेष्टन काढ, दोरी ओढून मोकळी कर आणि बोंडाच्या बुडाला बोटाचं टोक बसेल असा खळगा कर. टोक योनीच्या दाराशी ठेव, लांब श्वास सोड आणि सोडतानाच कमरेच्या मागच्या दिशेने ढकल. श्वास रोखला की खालचे स्नायू आवळतात. बोट जवळजवळ पूर्ण आत गेलं पाहिजे. इथे बहुतेकजणी घाबरून अर्ध्यावर थांबतात. दाराजवळ स्नायूंचं कडं असतं, टॅम्पॉन त्यातच राहिला तर बसताना-चालताना टोचतो. कड्याच्या पुढे गेला की काहीच जाणवत नाही. जाणवतोय म्हणजे अजून आत हवा, किंवा तो काढून नवीन.

हरवत नाही. गर्भाशयाच्या तोंडाचं छिद्र फार बारीक असतं, त्यातून टॅम्पॉन वर जाऊच शकत नाही. काढताना उकिडवी बसून दोरी हळूहळू खाली-पुढे ओढ. कागदात गुंडाळून कचऱ्यात, कमोडमध्ये नाही.

ओसरीवरची
लग्न न झालेल्या मुलींनी हे वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पडदा फाटतो. पुढे प्रश्न येतात.

डब्लिनकरीण
ताई, कोणते प्रश्न? कोण विचारणार आणि का?

फिजिओ_नाशिक
योनीपटल म्हणजे दार लावून घेतलेली खोली नव्हे. ती तोंडाशी असलेली लवचिक कडा आहे, मधे छिद्र असतं, म्हणून तर पाळीचं रक्त बाहेर येतं. बहुतेक मुलींना छोटा टॅम्पॉन त्यातून जातो. कडा ताणली जाऊ शकते, क्वचित चिरते, आणि खेळताना, सायकल चालवतानाही तसं होऊ शकतं. त्यावरून कोणाचं काही सिद्ध होत नाही. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितलं की कौमार्य चाचणीला वैद्यकीय आधार नाही, ती बंद करा. आपल्याच राज्यात लग्नाच्या रात्री चादर तपासण्याविरुद्ध मुलामुलींना आंदोलन करावं लागलं. त्यामुळे असं वाक्य सहज लिहू नये, ही विनंती.

मूळ प्रश्नाबद्दल: पाळीत, छोटा टॅम्पॉन घेऊनही बोटाचं टोकसुद्धा जात नसेल, स्नायू आपोआप आवळत असतील, तर जोर लावू नकोस. त्याला उपचार आहेत, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात. काहींच्या पटलात मधोमध उभी पट्टी असते, तीही गायनॅक बघून सांगतात.

ओसरीवरची
मी काळजीपोटी लिहिलं होतं. असो.

सह्याद्रीतली_वाट
उगाच घाबरवता. मी रात्री घालते, सकाळी दहाला काढते, बारा बारा तास. काही होत नाही. व्हॅसलीन लावलं की सर्रकन जातो.

वॉर्ड_पाच
नको, दोन्हीही नको. चार ते आठ तास, आठच्या वर कधीच नाही. जास्त झोपणार असाल तर रात्री पॅड. टॉक्सिक शॉक सिंड्रोम दुर्मीळ आहे, पण जीवघेणा आहे. स्टॅफिलोकॉकस जिवाणूच्या विषामुळे होतो. १९८० च्या सुमारास अमेरिकेत खूप शोषणारे टॅम्पॉन वापरणाऱ्या तरुण मुलींमध्ये त्याची लाट आली, तेव्हापासून 'लागेल तेवढाच शोषणारा वापरा' हा नियम झाला. म्हणून चार थेंबवाला 'सेफ्टीसाठी' घेऊ नये. टॅम्पॉन असताना अचानक मोठा ताप, उलट्या-जुलाब, उन्हाने भाजल्यासारखं लाल अंग, चक्कर, यातलं काही झालं तर टॅम्पॉन लगेच काढा आणि थेट हॉस्पिटलात जा. तिथे टॅम्पॉन वापरत होते हे आवर्जून सांगा.

आणि व्हॅसलीन आतून लावू नका. लागलंच तर पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट, टोकाला थेंबभर.

काजूबोंडू
पॅडवरचा १२ टक्के जीएसटी जुलै २०१८ मध्ये काढला, तेव्हा टॅम्पॉनवरचाही गेला. तरी आमच्या म्हापशात मेडिकलवाला मागच्या कपाटातून काढून काळ्या पिशवीत देतो. पॅडची जाहिरात दुकानाच्या दारावर, टॅम्पॉन मात्र लपवायचा. आधी हे बदललं पाहिजे.

निशिगंधा७
+१. पण धागा भरकटतोय.

खारावारा
मी पाळीत डाइव्ह केलंय. वेटसूट घालायच्या जरा आधी नवीन घाल, दोरी स्विमसूटच्या आत दुमडून ठेव. समुद्राच्या पाण्याने दोरी भिजते, म्हणून बाहेर आल्यावर लगेच बदल. होडीवर बाथरूम नसतं, किनाऱ्यावर परत यायला किती वेळ लागतो ते आधीच विचार. इन्स्ट्रक्टरला सांगायची गरज नाही, पण पोटात कळा येत असतील तर नक्की सांग आणि त्या दिवशी खाली जाऊ नकोस.

पहाटपक्षी
अपडेट. पाळी गुरुवारीच आली. एक थेंबवाला आणला, मागच्या दिशेने सारला आणि गेला! खरंच काही जाणवत नाहीये, मधेच विसरायला होतं. @वॉर्ड_पाच, मनापासून आभार. आता एक अर्जंट प्रश्न: लघवीला जाताना दर वेळी काढायचा का?

वॉर्ड_पाच
नाही. लघवीची जागा वेगळी आहे. दोरी बाजूला धर म्हणजे ओली होणार नाही. शी होताना कधीकधी खाली सरकतो, तेव्हा बदललेला बरा. घातल्याची वेळ मोबाइलवर लावून ठेव, आणि पाळी संपताना शेवटचा काढायला विसरू नकोस.

हिरवीचाफेकळी
छान झालं. पुढच्या महिन्यात कप बघच.

अदितीचीआई
उशिरा वाचला धागा. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, वर्षभर पाळी येतेय, पोहण्याच्या टीममध्ये आहे. एवढ्या लहान वयात चालतं का?

वॉर्ड_पाच
पाळी सुरू झालेल्या मुलीला चालतं, वयाची अट नाही. तिला स्वतःला हवं असेल तरच. सगळ्यात छोटा, आणि वेळेवर बदलण्याची जबाबदारी तिला कळत असेल तर. घालायचा तिने स्वतः, तुम्ही दाराबाहेरून सांगा. सविस्तर लिहायला वेगळा धागा काढा, तिथे लिहिते.