मागचा उजवा टायर आतून तारेपर्यंत झिजला, अलाइनमेंट करूनही थांबत नाही

कुंभार्लीपार
नमस्कार मंडळी, चिपळूणहून लिहितोय. पेट्रोल हॅचबॅक, पहिला मालक मीच, गाडी वॉरंटीत. कुठे ठोकलेली नाही. २४ हजार किमी झालेत. परवा पंक्चर काढताना टायरवाल्याने मागचा उजवा टायर खोलून आतली बाजू दाखवली. बाहेरच्या बाजूला नक्षी छान जाड आणि आतल्या कडेला दोन बोटं रुंद पट्टा पार गुळगुळीत, त्यातून तारा वर आलेल्या. चाक गाडीला असताना हे दिसतच नाही. याच टायरवर आईला घेऊन भर पावसात घाट उतरलोय, त्यामुळे डोकं तापलंय.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं: कोकणातले रस्ते खराब, हवा कमी राहत असेल. अहो, हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या ना? आणि बाकीचे तीन टायर याच रस्त्यांवरून फिरलेत, ते अजून ठणठणीत आहेत. अलाइनमेंट दर सर्व्हिसिंगला करतो. दरवेळी गाडी परत मिळते तेव्हा स्टिअरिंग जरासं उजवीकडे वळलेलं असतं, सरळ रस्त्यावरसुद्धा. सांगितलं की 'तेवढं चालतं' हे उत्तर.

शेवटी बाहेर चारही चाकांचं अलाइनमेंट करून प्रिंटआउट घेतली. मागचं डावं: कॅम्बर -१°०५', टो +०°०८'. मागचं उजवं: कॅम्बर -२°४०', टो -०°२५'. कागदावर उजव्याचे दोन्ही आकडे लाल. ऑपरेटर म्हणाला, या गाडीत मागे अॅडजस्टमेंट नाही. मग आता काय करायचं? दर दीड वर्षाला टायर बदलत बसायचं?

रानवाट
टायर रोटेशन करा, म्हणजे टायरांच्या जागा आपसात बदला, दर ८-१० हजारला. माझ्या गाडीत झीज समान झाली.

गॅरेजवाले काका
रोटेशन चांगलंच, पण इथे नको. आज एक टायर खातेय, मग पाळीपाळीने चारही खाईल आणि पुरावाही जाईल.

कुंभार्लीपार, तुमचे आकडे बोलके आहेत. कॅम्बर म्हणजे चाक उभं किती कललंय. उणे म्हणजे वरची बाजू आत. तुमचं उजवं चाक डाव्यापेक्षा दीड अंशाहून जास्त आत झुकलंय, म्हणजे वजन आतल्या कडेवर. पण नुसत्या कॅम्बरने इतक्या लवकर तारा निघत नाहीत. खरा टायर खातो तो टो, म्हणजे वरून बघितलं तर चाकाचं तोंड आत की बाहेर वळलंय ते. अधिक म्हणजे आत, उणे म्हणजे बाहेर. उजव्याचं तोंड बाहेर वळलंय, त्यामुळे चाक फिरताफिरता रस्त्यावर घासत जातं. झिजलेल्या भागाच्या शेजारी तळहात आडवा फिरवून बघा. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टोचं काम समजा.

स्टिअरिंगचं कोडंही यातच आहे. डाव्याचा टो आत, उजव्याचा बाहेर, म्हणजे मागची दोन्ही चाकं उजवीकडे बघतायत. गाडीची शेपटी उजवीकडे सरकायला बघते, म्हणून सरळ जायला तुम्हाला स्टिअरिंग उजवीकडे धरावं लागतं. पुढची कितीही अलाइनमेंट करा, मागचं बघितलं नाही तर फरक पडणार नाही.

तुमच्या गाडीला मागे अखंड अॅक्सल बीम असणार, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा. त्याला दोन्ही टोकांना स्टब, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो छोटा दांडा, बोल्टने बसतो. बऱ्याच गाड्यांत दोन्ही स्टब सारखेच असतात. तुमच्यात तसे असतील तर अदलाबदल करून परत आकडे घ्यायला सांगा. दोष डावीकडे गेला तर स्टब वाकडा, उजवीकडेच राहिला तर बीम. बीमच्या बुशही (बीम गाडीला जोडतात तिथले रबरी भाग) बघून घ्या, पण एकाच चाकाचा कॅम्बर एवढा बिघडवणं हे बुशचं काम नाही. कोणी शिम (पातळ पत्र्याची चकती) टाकून कोन जुळवतो म्हणालं तर वॉरंटी असेपर्यंत करू नका.

आणि तो टायर आजच काढा. कायद्याने १.६ मिमी नक्षी लागते, तुमची तर तार दिसतेय.

कोर्टाची पायरी
टायर काढा, पण टाकू नका. फोटो काढा, बाजूवरच्या डॉट नंबरसकट. त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. किलोमीटरचा आकडाही फोटोत हवा.

सर्व्हिस सेंटरशी तोंडी बोलणं आता बंद. प्रिंटआउट जोडून थेट कंपनीला ईमेल करा आणि जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' लिहिलेल्या कार्डावर सही करू नका. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला रत्नागिरी. मुदत दोन वर्षं. शिवाय सरकारच्या वाहन पोर्टलवर सात वर्षांच्या आतल्या गाडीच्या दोषाची नोंद करता येते, ती जरूर करा. त्याच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी आल्या तर रिकॉलची, म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावण्याची, चौकशी लागते.

कुंभार्लीपार
काका, स्टब बदलून पाहिले. कंपनीचा माणूस आला होता, त्याच्यासमोरच. उजव्या बाजूचे आकडे जवळपास जसेच्या तसे, म्हणजे बीमच. तळहाताचं म्हणालात तेही तंतोतंत, उलट फिरवलं की बोटाला टोचतं. बीम वॉरंटीत बदलून देतो असं लेखी आलंय. टायरचे पैसे मात्र 'झिजणारा भाग' म्हणून नाकारलेत. बीममुळे झिजला तर तो माझा खर्च कसा, हे मला पटत नाही.

कोर्टाची पायरी
पटवूनही घेऊ नका. दोष त्यांनी लेखी मान्य केलाय, टायरचं नुकसान त्याचाच परिणाम. बीम घेताना 'पूर्ण समाधान' असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका, 'टायरची मागणी कायम ठेवून' असं हाताने लिहा. आणि नवा बीम बसल्यावर चारही चाकांची प्रिंटआउट त्यांच्याकडूनच मागा.